कंटेनर ओव्हरलेएफएसवर चालत असेल तर आत काहीही केलं तरी होस्ट सुरक्षित राहतो का?

कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवून चालवलेल्या प्रोग्रामात) कुणी 'आरएम -आरएफ /', म्हणजे सगळ्या फाइल पुसणारी कमांड, मारली तर होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर तो चालतो त्याचं, काय होईल, असं तुम्ही विचारलंय. साध्या कंटेनरमध्ये होस्टला काही होत नाही. (हल्लीचं आरएम त्याआधी 'नो-प्रिझर्व्ह-रूट' हा जादा पर्याय मागतं, ते सोडा.) पण ओव्हरलेएफएस ही थरांची फाइलसिस्टीम आहे म्हणून होस्ट वाचतो, असं तुम्ही धरून चाललाय, तिथे गडबड आहे. थर इमेजला (ज्या तयार फाइलसंचावरून कंटेनर सुरू होतो त्याला) वाचवतात, होस्टला नाही.

ओव्हरलेएफएस 2014 च्या अखेरीस लिनक्सच्या कर्नल (सिस्टीमचा गाभा) 3.18 मध्ये आलं. खाली फक्त वाचायचे थर, वर लिहायचा एक थर, आणि कंटेनरला दिसते ती दोन्हींची मिळून एकच डिरेक्टरी. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये ओव्हरलेएफएस वापरणारा ओव्हरले2 ड्रायव्हर असेल तर 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'अपरडिर'चा, म्हणजे वरच्या थराचा, पाथ मिळतो. इमेजमधून आलेली एखादी फाइल कंटेनरमध्ये डिलीट करा आणि होस्टवर रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन त्या पाथवर 'एलएस -एल' चालवा. फाइलचं नाव तिथे दिसेल, पण ओळ 'सी'ने सुरू होईल आणि साइझच्या जागी 0, 0 असेल. हे व्हाइटआउट. खालच्या थरात या नावाचं काही असलं तरी दाखवू नको, एवढाच त्याचा अर्थ. मूळ फाइल जागची हललेली नसते, म्हणून त्याच इमेजवरच्या बाकी कंटेनरना पत्ताही लागत नाही.

लिहिताना कॉपी-अप होतं, म्हणजे खालची फाइल आधी वरच्या थरात कॉपी होते. 2 जीबीच्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी साधारणपणे अख्खी फाइल वर येते. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) वेगळ्या ओळीत 'चाउन -आर', म्हणजे सगळ्या फाइलचा मालक बदलणारी कमांड, टाकल्यावर इमेज अचानक का फुगते, त्याचं उत्तर हेच.

होस्टच्या डिरेक्टरी कंटेनरला दिसत नाहीत त्या माउंट नेमस्पेस (जोडलेल्या डिरेक्टरींची कंटेनरपुरती वेगळी यादी) आणि पिव्होट-रूट (कंटेनरचं '/' बदलणं) यांमुळे. खरी भिंत ती. वरचा थर तर होस्टच्याच डिस्कवर असतो. मर्यादा घातली नसेल तर कंटेनरमधला बेफाम लॉग होस्टची डिस्क भरून टाकतो. ओव्हरले2 मध्ये साइझची मर्यादा लावायची तर खाली एक्सएफएस ही फाइलसिस्टीम आणि प्रोजेक्ट कोटा (डिरेक्टरीनिहाय जागेची मर्यादा) लागतो, आणि ते बहुतेक ठिकाणी केलेलं नसतं.

बाइंड माउंटच्या (होस्टची डिरेक्टरी थेट कंटेनरमध्ये जोडण्याच्या) वाटेत ओव्हरले येतच नाही. '-व्ही'ने होस्टची डिरेक्टरी दिलीत की तुमचं आरएम थेट तिथे पोचतं. डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायची वाट) आत दिलंत तर होस्टचा रूटच दिलात. शिवाय होस्ट आणि कंटेनर दोघांचा कर्नल एकच. 2023 मध्ये उघड झालेली सीव्हीई-2023-0386 (सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक) ही खुद्द ओव्हरलेएफएसच्या कॉपी-अपमधली चूक होती: सेटयूआयडी फाइल (कुणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालणारी) वर आणताना मालकाची तपासणी अपुरी पडायची आणि साधा यूजर रूट व्हायचा.

म्हणून माझ्या मते 'रीड-ओन्ली' रूट (कंटेनरचं '/' फक्त वाचण्यापुरतं), लागेल तिथे टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टीम) आणि यूजर नेमस्पेस (कंटेनरमधला रूट होस्टवर साधा यूजर ठरतो) ही तिन्ही हवीत. कंटेनरला जवळपास सगळे अधिकार देणारा 'प्रिव्हिलेज्ड' पर्याय तर नकोच. आणि सर्वात आधी कंटेनरमध्ये 'माउंट' कमांड चालवा, ती जोडलेल्या फाइलसिस्टीम दाखवते. ओव्हरले, प्रोक, सिसएफएस, टीएमपीएफएस अशा ओळी वगळून ईएक्सटी4 किंवा एक्सएफएसच्या ज्या उरतील, त्या थेट होस्टच्या डिस्कवर उघडतात. त्यातल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ, होस्टनेम आणि होस्ट्स या तीन डॉकरनेच लावलेल्या असतात, त्यांची काळजी नको. बाकी प्रत्येक ओळ कुणी आणि कशाला दिली ते तपासा.