पहिल्या पोस्टिंगआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचे तू कळवलेस आणि सोबत कॉलेजने दिलेल्या नियमपत्रकाचा फोटोही पाठवलास. नखे, केस, बांगड्या, बूट, मोबाईल, हजेरी, रजा असे सगळे त्यात एकाखाली एक लिहिलेले आहे आणि ते वाचून हे तर शाळेसारखेच झाले, असे तुला वाटले. वाटणे स्वाभाविक आहे. मात्र शाळेचा नियम मोडला की नुकसान बहुधा मोडणाऱ्याचेच होते. वॉर्डातला नियम मोडला की ते खाटेवर पडलेल्या माणसाला सोसावे लागते. तो माणूस तुला निवडून घेत नाही. तू पहिल्या वर्षाची आहेस की तिसऱ्या, तुझे हात धुतलेले आहेत का, रात्री तुझी झोप झाली आहे का, यातले काहीही तो तुला विचारू शकत नाही, कारण तो वेदनेत असतो किंवा तुला दुखावण्याची त्याला भीती वाटते. त्याला विचारता येत नाही ते पत्रक त्याच्या वतीने विचारते. प्रत्येक कलमामागे कोणता रुग्ण उभा आहे हे समजून घे, आणि एखाद्याचे कारण कळलेच नाही तर आपल्या शिक्षिकेला स्पष्ट विचार. कारण समजून पाळलेला नियम कोणी पाहत नसतानाही पाळला जातो.

सुरुवात हातांपासून करते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया दगावत आणि शहरातल्या बायका त्या विभागात जायला अक्षरशः घाबरत. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येतात, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने हेरले आणि मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. पुढच्या काही आठवड्यांतच मृत्यू झपाट्याने घटले. त्या विभागात मरण घेऊन येणारे हात शिकणाऱ्या मुलांचे होते, आणि ती मुले दुष्ट नव्हती, आळशीही नव्हती. हे मी नर्सिंग शिकवताना प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आले. रुग्णाला स्पर्श करण्याआधी, कोणतीही निर्जंतुक कृती करण्याआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेला, लॉकरला, चादरीला हात लागल्यानंतर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेल्या आहेत. सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस सेकंद आणि साबण-पाणी असेल तर चाळीस ते साठ सेकंद लागतात. हात दिसायला मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नकोस, नळाकडेच जा. हातमोजे घातले म्हणून हात धुणे टळत नाही, हेही आताच सांगून ठेवते, कारण ही समजूत फार लवकर रुजते आणि काढायला फार वेळ लागतो.

हे एकदा पटले की पत्रकातला निम्मा पोशाख आपोआप समजतो. अंगठीच्या खाचेत साबण पोहोचत नाही. लांब नखांखाली घाण राहते आणि आजारी माणसाची कातडी नखाने सहज सोलवटते, विशेषतः म्हाताऱ्या माणसाची. बांगड्या, घड्याळ आणि मनगटावरचे दोरे कोपराखालचा हात नीट धुऊ देत नाहीत. आपल्याकडे जत्रेहून आल्यावर हाताला दोरा असतोच, आणि तो सोडताना तुझ्या मनाला काहीतरी लागेल हे मी जाणते. तो दोरा ड्यूटीपुरता काढून देवाजवळ किंवा पाकिटात ठेव. त्यात श्रद्धेला उणेपणा येत नाही. सेकंदकाट्याचे घड्याळ छातीशी पिनने लावायचे असते, म्हणजे नाडी मोजताना मनगट मोकळे राहते. केस बांधून वर घे, ते रुग्णाच्या जखमेवर झुकता कामा नयेत. आबोलीचा वळेसर मलाही आवडतो आणि सणाच्या दिवशी तो माळल्याशिवाय चुकल्यासारखे वाटते, पण वॉर्डात फुले नकोत. रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाजवळ तर मुळीच नकोत.

गणवेशाबद्दल एक गोष्ट पत्रकात नसली तरी पाळ. तो अंगात घालून आपल्या गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये चढू नकोस. गर्दीच्या बसमधला घाम आणि धूळ वॉर्डात न्यायची नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वॉर्डातले जंतू सीटवर शेजारी बसलेल्या एखाद्या गरोदर बाईपर्यंत पोहोचवायचे नाहीत. साध्या कपड्यांत जा, तिथे बदल, आणि वापरलेला गणवेश वेगळ्या पिशवीत घालून घरी वेगळा धू. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे बूट वाळत नाहीत. ओल्या बुटांत दिवसभर उभे राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि ओल्या तळव्यांनी वॉर्डाच्या फरशीवर घसरायला होते, म्हणून पुढून बंद असलेल्या, न घसरणाऱ्या बुटांचे दोन जोड घे आणि एक जोड लॉकरमध्येच राहू दे. पुढून बंद असण्याचे कारण पडणारी सुई आणि सांडणारे रक्त हे आहे. कडक इस्तरीच्या टोपीचा हट्ट मात्र मी कधीच मनापासून धरला नाही. ती पडद्यात आणि सलाइनच्या नळीत अडकते आणि रुग्णाचे तिच्यामुळे काहीच भले होत नाही. तुमच्याकडे ती सक्तीची असेल तर घाल, पण तिच्या आणि स्वच्छ हातांच्या नियमाला एकच वजन देऊ नकोस.

आता हजेरी. तुझी खरी कुरकुर तिच्याबद्दलच आहे. परीक्षेला बसण्यासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलने लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही अंगांना ऐंशी टक्के हजेरी ठरवली आहे, आणि गैरहजेरीचे कारण कोणतेही असले तरी ती तेवढीच लागते. पण हा आकडा पाहून वीस टक्के सुट्टी हक्काची आहे असे समजू नकोस, कारण पदवी हाती पडण्याआधी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक विभागातली हजेरी शंभर टक्के भरावी लागते. चुकलेले तास नंतर उभे राहूनच भरून काढायचे असतात. व्याख्यान चुकले तर मैत्रिणीच्या वहीतून उतरवता येते. प्रसूतिकक्षातली रात्र कोणाच्या वहीतून उतरवता येत नाही.

ड्यूटीवर वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचण्याचा आग्रह का धरतात, ते हँडओव्हर, म्हणजे जाणारी पाळी येणाऱ्या पाळीला रुग्णांची माहिती देते ते, ऐकल्यावरच कळेल. रात्रपाळीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून सांगत जाते: या आजींची कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी मध्यरात्री रिकामी केली, तेव्हापासून जेमतेम दीडशे मिली लघवी झाली आहे, डॉक्टरांना कळवले आहे, पाहून जातील. तू वीस मिनिटे उशिरा आलीस तर तुला फक्त थोडीशी भरलेली पिशवी दिसेल. ती किती वेळात भरली हे पिशवी सांगत नाही. तासाला साधारण तीस मिलीच्या खाली गेलेली लघवी हा मूत्रपिंडांना रक्त कमी पडत असल्याचा इशारा असू शकतो, आणि तो इशारा त्या एका वाक्यात होता, जे बोलले गेले तेव्हा तू अजून जिना चढत होतीस. म्हणून वक्तशीरपणाकडे शिस्त म्हणून पाहण्यापेक्षा रुग्णाची हकिकत ऐकण्याची पहिली पायरी म्हणून पाहा. वही आणि पेन खिशात ठेव, ऐकलेले लिही आणि न कळलेले तिथेच विचार. रात्रभर जागलेली सिस्टर घरी गेल्यावर विचारायला कोणी उरत नाही.

चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीच्या रजेचा प्रश्न दर वर्षी येतो. घर मूळ गावी जाते, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, आणि मुलगी वॉर्डात हे आईला पटत नाही. माझेही मन अशा वेळी मुलींच्या बाजूचे असे. तरी वॉर्ड चवथीला रिकामा होत नाही. उलट कर्मचारी कमी आणि रुग्ण तेवढेच असतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात तर आपल्या सगळ्या तालुक्यांखेरीज शेजारच्या महाराष्ट्रातल्या सावंतवाडी, दोडामार्ग आणि बांद्याकडूनही माणसे येतात. तेव्हा रजा हवी असेल तर ड्यूटी लिस्ट लागण्याआधी लेखी अर्ज दे, अदलाबदल करायची असेल तर इनचार्ज सिस्टरच्या सहीनेच कर, आणि नाही म्हटले गेले तर ते ऐक. मैत्रिणीशी तोंडी ठरवून निघून जाणे आणि दोघींपैकी कोणीच न येणे हा प्रकार अगदी नेहमीचा आहे. आजारपण खोटे सांगू नकोस. खरे आजारी पडशील तेव्हा विश्वास ठेवायला कोणीतरी हवे.

प्रॉक्सीबद्दल मला थोडे कठोर लिहावेसे वाटते. दुसरीच्या नावापुढे सही करणे ही मैत्री समजली जाते आणि वर्गात ते खपूनही जाते. मात्र सहीला खोट्याची सवय लागली की ती वर्गापुरती राहत नाही. एखाद्या वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडून श्वासांचा रकाना पाहा: वीस, वीस, वीस, सगळ्या खाटांना, सगळ्या वेळी वीस. इतकी माणसे एकाच लयीत श्वास घेत नाहीत. कोणीतरी न मोजता आकडा भरलेला असतो आणि खाली सही केलेली असते. रुग्ण ढासळू लागला की वाढलेला श्वास हे अनेकदा सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते, रक्तदाब उतरण्याच्याही आधीचे. पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून मोज, शक्यतो त्याला न सांगता, कारण सांगितले की माणूस श्वास बदलतो. मोजले नसेल तर रकाना रिकामा ठेव आणि मोजले नाही असे सांग. रागावून घेशील, पण रिकामा रकाना पाहून दुसरे कोणीतरी मोजेल. वीस लिहिलेले पाहून कोणीच मोजणार नाही. हजेरीपटावरचा प्रामाणिकपणा मला एवढा मोलाचा वाटतो तो याचसाठी.

गोवा लहान आहे, ही गोष्ट वागणुकीच्या बाबतीत कधी विसरू नकोस. तुझ्या खाटेवरची बाई तुझ्या मावशीच्या वाड्यावरची निघेल, तिचा जावई तुझ्या भावाबरोबर कामाला असेल, आणि तिला झालेला आजार हे तिचे सर्वस्वी खाजगी दुःख असेल. बसमध्ये, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, घरी जेवताना, कुठेही नाव-गाव घेऊन रुग्णाबद्दल बोलू नकोस. आईने विचारले तरी नाही. "अमक्याची बायको कशी आहे गे?" असे शेजारीण प्रेमानेच विचारील, "घरच्यांनाच विचारा हां, मला सांगता येत नाही," एवढे नम्रपणे सांगायला शिक. मोबाईल लॉकरमध्ये ठेव. वॉर्डात काढलेल्या हसऱ्या सेल्फीच्या मागे एखाद्याचा उघडा पाय, केस पेपर किंवा रडणारा मुलगा येतो, आणि एकदा पाठवलेला फोटो कोणाला परत बोलावता येत नाही.

बोलण्याचेही तसेच. समोरचा कोंकणीत बोलत असेल तर कोंकणीत बोल, मालवणी बोलत असेल तर त्याला समजेल असे बोल, आणि बाहेरून कामाला आलेल्या मजुराशी मोडक्या हिंदीत का होईना, पण त्याच आदराने बोल. आजीला आजी म्हण, पण औषध देताना आणि रक्त घेताना पूर्ण नाव विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा, कारण एका वॉर्डात एकाच नाव-आडनावाच्या दोघी असणे आपल्याकडे काही नवल नाही. "बारा नंबर" असे कोणालाही पुकारू नकोस. उपचार करण्याआधी पडदा ओढ, काय करणार आहेस ते सांग, आणि तू विद्यार्थिनी आहेस हेही सांग. विद्यार्थिनी नको असे कोणी म्हटले तर मनाला लावून न घेता बाजूला हो. तो त्यांचा अधिकार आहे.

रागावणे तुझ्या वाट्याला येणार. कामाबद्दल असेल तर ऐकून घे आणि सुधार. तुझ्या जातीबद्दल, गावाबद्दल, शरीराबद्दल किंवा चारित्र्याबद्दल कोणी बोलत असेल, किंवा वसतिगृहात मोठ्या मुली छळत असतील, तर ते शिक्षणात मोडत नाही आणि ते सोसणे म्हणजे शिस्त नव्हे. कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते. तिच्याकडे लेखी तक्रार कर आणि मलाही कळव.

काही दिवशी हजर न राहणे हेच योग्य असते. ताप, उलट्या-जुलाब, डोळे येणे, कांजिण्या, अंगावर पिकलेला फोड असे काही असेल तर टक्केवारीच्या भीतीने वॉर्डात जाऊ नकोस. ड्यूटी सुरू होण्याआधी फोन करून कळव आणि तास नंतर भरून काढ.

हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. तुझे झाले नसतील तर पहिला डोस याच आठवड्यात घे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नकोस; ती लगेच पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाक. सुई टोचलीच तर बोट पिळू नकोस, तोंडात घालू नकोस. साबण-पाण्याने धू आणि त्याच क्षणी इनचार्ज सिस्टरला सांग. एचआयव्ही टाळण्याची औषधे लागलीच तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत आणि बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. अनेक मुली ओरडा बसेल म्हणून हे लपवतात. तू लपवू नकोस.

बुटांचे माप आणि लसीची तारीख मला कळव. पहिली पोस्टिंग कोणत्या वॉर्डात लागते ते समजले की त्या वॉर्डापुरते काय वाचून जायचे, ते वेगळे लिहीन.

तुझी हितचिंतक,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका