पोलंडमधलं झालिप्ये हे गाव नेमकं कुठे आहे आणि तिथली घरं फुलांनी का रंगवलेली असतात?

झालिप्ये पोलंडच्या दक्षिणेला, टार्नुव शहराच्या उत्तरेला साधारण 30 किलोमीटरवर आहे. विस्तुला नदी जवळच आहे, त्यामुळे प्रदेश सपाट, शेतीचा. घरं एकमेकांना चिकटून नाहीत. शेतांमधून विखुरलेली आहेत. गाव बघायचं तर चांगलीच पायपीट करावी लागते.

फुलांची सुरुवात धुरातून झाली. पूर्वी तिथल्या घरांत धूर बाहेर जायला नीट वाट नसे, भिंती काजळून जायच्या. बायका त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके मारून डाग झाकायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धुराडी आली, भिंती स्वच्छ राहू लागल्या, आणि ठिपक्यांची फुलं झाली. सणाआधी घर सारवून रांगोळी काढणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही!

हळूहळू फुलं घराबाहेर आली: खिडकीच्या चौकटीभोवती, विहिरीवर, कोठारावर, अगदी कुत्र्याच्या घरावरसुद्धा. यात सगळ्यात मोठं नाव फेलित्सिया त्सुरिवोवा (1904–1974) यांचं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे, आणि गावाला गेलात तर आधी तेच बघा. आत छतापर्यंत फुलं आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने पोलंडची राखरांगोळी केली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1948 मध्ये, रंगवलेल्या घरांची स्पर्धा इथे सुरू झाली. ती अजूनही होते, कॉर्पस ख्रिस्ती या सणाच्या सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये. रंग ताजे बघायचे असतील तर त्यानंतर लगेच जा.