वडिलांची सही चालते आहे तोवर: बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र की मृत्युपत्र?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७६ वर्षांचे, आई ७१ वर्षांच्या. पुण्यातील सदनिका वडिलांच्या एकट्याच्या नावावर, मुदत ठेवी तीन बँकांत, गावी थोडी शेतजमीन. वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितले. थोरले बंधू म्हणतात की सदनिकेचे बक्षीसपत्र त्यांच्या नावे करावे आणि बाकी सर्व व्यवहारांसाठी वडिलांनी त्यांना कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) द्यावे, म्हणजे पुढची कटकट मिटेल. तुम्ही कॅनडात आहात, भावावर अविश्वास नाही, पण ही घाई तुम्हाला खटकते आहे.

मी वकील नाही. बँकेत ३२ वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा कागदांसाठी येणाऱ्यांना मदत करतो. त्यामुळे कागद कसा तयार होतो यापेक्षा तो खिडकीवर नेमका कुठे अडतो, हे मला अधिक ठाऊक आहे. माझ्या मते घाई योग्यच आहे, पण ती चुकीच्या दोन कागदांसाठी चालली आहे.

आधी कुलमुखत्यारपत्राविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. वडील आजारी पडले, त्यांना काही कळेनासे झाले, तर तेव्हा हा कागद उपयोगी पडेल अशी बहुतेक कुटुंबांची समजूत असते. प्रत्यक्षात भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याचा मृत्यू झाला की मुखत्यारी संपते हे तर खरेच, परंतु देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही तरीही ती संपते. कॅनडात मानसिक क्षमता गेल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. तुम्ही तिथे ते पाहिले असेल, पण आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद करून ठेवायचा, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. अनेक घरांत यानंतरही तो वापरला जातो आणि कोणी विचारत नाही तोवर खपून जाते. पण पुढे एखाद्या वारसाने त्या काळातील वैद्यकीय कागद न्यायालयात ठेवले, तर त्या मुदतीत झालेला प्रत्येक व्यवहार वादात सापडतो. आज वडिलांना सगळे कळते आहे पण बाहेर जाणे जमत नाही, एवढ्याच मर्यादित गरजेसाठी विशिष्ट कामांचे मुखत्यारपत्र द्यायला हरकत नाही. त्यात सदनिका विकण्याचा अधिकार मात्र लिहू नये.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्या ठेवी एकट्याच्या नावावर होत्या आणि प्रत्येक ठेवीला सासूबाईंचे नामनिर्देशन होते. आम्ही निश्चिंत होतो. पण नॉमिनीला पैसे मिळण्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि माणूस तर जिवंत होता. पुढे चौदा महिने होता. त्या चौदा महिन्यांत रुग्णालयाचा आणि दिवसरात्रीच्या मदतनीसांचा खर्च मुलांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि सासऱ्यांच्याच लाखभर रुपयांच्या ठेवी बँकेत पडून राहिल्या. बँकेत आयुष्य काढलेल्या जावयाला हे आधी सुचले नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून पहिले काम बँकेचे. तिन्ही बँकांतील बचत खाती आई-वडिलांच्या संयुक्त नावाने, दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो, अशा सूचनेसह करून घ्यावीत. ‘पहिला खातेदार किंवा हयात असलेला’ हा दुसरा प्रकार येथे उपयोगाचा नाही, कारण पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसऱ्याला हातच लावता येत नाही. मुदत ठेवींनाही आईंचे नाव जोडताना, मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची मुभा कोणाला राहील याची लेखी सूचना त्याच वेळी द्यावी; अडचण बहुधा तिथेच येते. खातेदार शुद्धीत आहे पण हात चालत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हाताच्या किंवा पायाच्याही अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र तो दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेतील नव्या कर्मचाऱ्यांना हे अनेकदा माहीत नसते, तेव्हा व्यवस्थापकांना भेटावे.

या कशाचीही सोय न करता माणूस पूर्ण असमर्थ झाला, तर शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाचा. कोमातील किंवा प्रगत स्मृतिभ्रंशाच्या ज्येष्ठासाठी पालक नेमण्याची सोपी, सरळ प्रक्रिया आपल्या कायद्यांत नाही. त्यामुळे कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये कोमातील पतीसाठी पत्नीची पालक म्हणून नेमणूक केली होती. मार्ग आहे, परंतु वकिलाची फी, वैद्यकीय तपासणी आणि तारखा हे सगळे त्यात आले.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो), आणि ही स्वस्ताईच अनेकांना भुरळ घालते. परंतु बक्षीसपत्र नोंदवून मुलाने ते स्वीकारले की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राप्रमाणे ते मन बदलले म्हणून फाडता येत नाही. मुलगा कितीही चांगला असो, घर त्याच्या नावावर झाल्यानंतर त्याचे कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचा अकाली मृत्यू यांतले काहीही आई-वडिलांच्या डोक्यावरच्या छपरापर्यंत येऊ शकते. या शेवटच्या शक्यतेचा विचार कोणीच करत नाही. मुलगा आधी गेला, तर त्याच्या मालमत्तेत आईला वाटा मिळतो, पण हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वडील पहिल्या वर्गातील वारस नाहीत. म्हणजे ज्यांनी घर दिले त्यांनाच त्यातले काही मिळणार नाही.

पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ यातील कलम २३ चा आधार तुमच्या बंधूंनी दिला आहे. तो आधार खरा आहे, पण त्यांना वाटतो तितका सरसकट नाही. मालमत्ता देताना, घेणाऱ्याने ज्येष्ठाच्या मूलभूत गरजा पुरवाव्यात अशी अट असेल आणि त्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झाल्याचे मानून न्यायाधिकरण रद्द करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट केले की अशी अट असणे आवश्यक आहे. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि आईला मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. पण तिथेही सांभाळ करण्याच्या कबुलीचा लेखी आधार पुढे होता. आपल्याकडचे छापील नमुन्यातले बक्षीसपत्र मात्र ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ असे म्हणून थांबते आणि अटीचा शब्दही त्यात नसतो. न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते, त्यामुळे दिवाणी दाव्यापेक्षा ते बरेच सुलभ आहे, हे मान्य. तरीही विस्मरण होणाऱ्या माणसाने किंवा त्याच्या पत्नीने म्हातारपणी पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन प्रांत कचेरीत जावे, या शक्यतेवर कोणतीही व्यवस्था उभी करू नये. शिवाय निदान होऊन महिनाच झालेला असताना केलेले बक्षीसपत्र उद्या तुम्ही नाही, तर अन्य कोणी आव्हानित करू शकेल; म्हणजे कटकट मिटण्याऐवजी सुरू होईल. बंधूंना हे त्यांच्या हिताचे म्हणूनही सांगता येईल.

त्याऐवजी मृत्युपत्र करावे, आणि ते याच महिन्यात. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून मृत्युपत्र करण्याची पात्रता आपोआप जात नाही. आपली मालमत्ता कोणती, आपली माणसे कोण, आणि आपण कोणाला काय देत आहोत, हे करतेवेळी समजत असणे महत्त्वाचे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ तर एरवी मन ठिकाणावर नसलेल्या व्यक्तीनेही भानावर असलेल्या काळात केलेले मृत्युपत्र मान्य करतो. पण हे पुढे सिद्ध करावे लागते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचे किंवा आदल्या दिवसाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात केवळ ‘प्रकृती ठीक’ असे न लिहिता, रुग्णाला काय विचारले व त्याने काय सांगितले याचा उल्लेख असावा. दोन साक्षीदार लागतात. ते वडिलांपेक्षा वयाने लहान, लाभार्थी नसलेले आणि पंधरा वर्षांनीही सापडतील असे निवडावेत. आमच्याकडे एका गृहस्थांनी आपल्याच वयाच्या दोन मित्रांच्या सह्या घेतल्या होत्या आणि मृत्युपत्र उघडले तेव्हा तिघेही नव्हते.

नोंदणी सक्तीची नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी वडिलांच्या स्थितीत मी नोंदणीचा आग्रह धरीन, कारण दुय्यम निबंधकांसमोर त्यांचा फोटो आणि अंगठा घेतला जातो. त्यांना नेणे अशक्य झाले, तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो. यात एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: ज्याला मोठा वाटा मिळणार आहे त्याने वकील ठरवणे, मसुदा सांगणे, वडिलांना गाडीतून नेणे यांपैकी काहीही करू नये. लाभार्थ्याने पुढाकार घेतलेला असला की न्यायालय ती संशयास्पद परिस्थिती मानते, आणि संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच येतो. वडिलांचा एखादा विश्वासू पुतण्या, भाचा किंवा जुने सहकारी हे काम करू शकतील.

मृत्युपत्र केलेच नाही, तर तुमच्या कुटुंबात सदनिकेचे तीन समान वाटे होतील: आई, बंधू आणि तुम्ही (तुमच्या आजी हयात असतील तर चार). आईंचा वाटा एक तृतीयांश, म्हणजे त्या स्वतःच्या घरात मुलांच्या सहमालक होतात आणि घर विकून लहान घर घेण्यासाठीही मुलांच्या सह्या लागतात. माझा सल्ला असा की सदनिका पूर्ण मालकी हक्काने आईंना द्यावी. ‘तहहयात राहण्याचा हक्क आईला आणि नंतर मुलाला’ अशी रचनाही करता येते, परंतु त्या शब्दांवरून झालेले वाद न्यायालयांत पुष्कळ आहेत. बंधूंनी सांभाळ केला म्हणून त्यांना ठेवींत अधिक वाटा द्यावा, असे वडिलांना वाटत असेल तर तसे कारणासह लिहावे. तुम्हीही त्याला मोकळ्या मनाने संमती द्यावी, कारण रोजचे डॉक्टर आणि रोजची औषधे त्यांनीच पाहिली आहेत.

गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशन करावेच, पण त्याला वारसा समजू नये. महाराष्ट्रात २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरते सदस्य करता येते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते. कंपन्यांच्या समभागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. बँक ठेवींसाठी नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेव्हा ते मृत्युपत्राशी जुळते ठेवणे सोपे झाले आहे.

शेतजमिनीचे जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढून, ती वडिलांकडे कशी आली हे आधी पाहावे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी म्हणून तुमचाही त्यात जन्मतः हक्क आहे आणि वडिलांना मृत्युपत्राने केवळ स्वतःचा हिस्सा देता येईल. पुढे हक्कसोडपत्रासाठी कॅनडातून मुखत्यारपत्र पाठवावे लागले, तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते; हे लोक विसरतात.

एक कागद तुमच्या प्रश्नात नव्हता, तो म्हणजे उपचारांविषयीचे आगाऊ निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही करण्याची जाचक अट जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे की नाही आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात वडिलांनी लिहायचे. एकाहून अधिक नातेवाइकांची नावे देता येतात, तेव्हा आईंसोबत तुम्हा दोघांचीही द्यावीत. कागद झाला तरी निर्णय एकट्या नातेवाइकाच्या हाती नसतो, डॉक्टरांची दोन मंडळे त्यावर मत देतात. एक प्रत महानगरपालिकेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा विषय वडिलांशी फोनवर काढू नये; दिवाळीत याल तोवरही थांबू नये, जमल्यास आधीच यावे.

आईंच्या नावावर काही नाही, असे तुम्ही लिहिले आहे. वरच्याप्रमाणे झाले तर उद्या सदनिका त्यांचीच असेल, आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर हाच प्रश्न पुन्हा सुरुवातीपासून येईल. वडिलांचे मृत्युपत्र नोंदवायला जाल त्याच दिवशी त्यांचेही नोंदवून घ्यावे. साक्षीदार तेच चालतात.