वडोदऱ्याच्या आमच्या लॅबमध्ये ४०० बार दाबापर्यंत चालणारं जुनं एचपीएलसी (द्रवातल्या मिश्रणाचे घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे. त्यावर कोअर-शेल कॉलम (भरीव गाभ्याच्या बारीक कणांनी भरलेली नळी, जिच्यात घटक वेगळे होतात) चालेल का?

हो, २.७ मायक्रॉनचा कोअर-शेल कॉलम त्यावर चालतो. फक्त त्यासाठी यूएचपीएलसी (याहून जास्त दाब पेलणारं यंत्र) घेऊ नका. मकरपुऱ्यातल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आम्ही असेच कॉलम वापरतो. या कणाचा १.७ मायक्रॉनचा गाभा भरीव असतो आणि त्यावर अर्ध्या मायक्रॉनचा सच्छिद्र थर. दाब कणाच्या व्यासाच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून त्याच लांबीच्या १.७ मायक्रॉनच्या सच्छिद्र कॉलमपेक्षा तो निम्म्याहून कमी पडतो. प्लेट काउंट (घटक वेगळे करण्याच्या क्षमतेचं माप) मात्र त्याच्या बराच जवळ जातो. याचं श्रेय सहसा पातळ थराला दिलं जातं, पण तो मुख्यतः प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंना उपयोगी; लहान रेणूंमध्ये खरं काम एकसारखी, घट्ट भरण आणि भरीव गाभ्यामुळे घटलेलं विसरण करतं.

अडचण कॉलमबाहेर आहे. जुन्या मशीनच्या रुंद नळ्यांत आणि मोठ्या फ्लो सेलमध्ये (डिटेक्टरमधली मोजणीची पोकळी) घटक पुन्हा पसरतात आणि कॉलमने मिळवलेली पीकची (आलेखातल्या शिखरांची) धार वाया जाते. म्हणून:
- कॉलम ४.६ मिमी व्यासाचा घ्या, २.१ चा नको.
- नळ्या ०.१२ मिमीच्या आणि शक्य तितक्या आखूड.
- डिटेक्टरचा डेटा रेट (सेकंदाला होणाऱ्या नोंदी) वाढवा, नाहीतर अरुंद पीक नीट टिपलेच जात नाहीत.