कॅप्चा मराठीत केला तर लोकांना सोपा जाईल का?

तुम्ही वेबसाइट तयार करताय आणि कॅप्चा, म्हणजे समोर यंत्र नसून माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं, मराठीत ठेवावा का, असं विचारलंय. मी कोल्हापुरात, गंगावेशीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. रोज जे दिसतं त्यावरून सांगतो: सूचना जरूर मराठीत द्या, पण ओळखायची अक्षरं देवनागरी ठेवू नका.

अडचण वाचण्याची नाही, टाइप करण्याची आहे. आमच्याकडची पोरं मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहितात, मोठी माणसं माइकवर बोलतात. वेडावाकडा केलेला 'द्ध' ओळखला, तरी कीबोर्डवर तो काढायचा कसा? शिवाय 'ऱ' दोन तऱ्हेने टाइप होतो. वेबसाइटने दोन्ही एकच धरले नाहीत, तर बरोबर उत्तरही चूक ठरतं.

तपासणीबद्दल लोकांचा राग नसतो. यंत्रं खोटे अर्ज भरतात, म्हणून हे विचारतात, एवढं सांगितलं की पटतं. त्रास होतो तो चित्रांचा. सिग्नलचे चौकोन निवडायचे होते, तेव्हा पन्हाळ्याकडच्या एका मावशींनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "खांब पण धरायचा का रे?" सिग्नलची एक कड शेजारच्या चौकोनात गेली होती. पुन्हा नवी चित्रं आली, तसा त्यांचा चेहराच उतरला. "माझंच चुकतंय बघ," म्हणाल्या. त्यांचं चुकलेलंच असेल असं नाही. एकाच कनेक्शनवरून दिवसभर खूप जण आत शिरले की संशय वाढतो आणि कोडी जास्त येतात. सेवा केंद्रांवर तर हे रोजचंच. हे त्या माणसाला कुणीच सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काही कोड्यांत अमेरिकेतल्या फुटपाथवरचे आग विझवायचे नळ ओळखायला सांगतात. ते आमच्या माणसाने कुठे बघितलेत? ती चित्रं टाळाच.

२०१८ पासून रीकॅप्चा या गूगलच्या कॅप्चा-सेवेत कोडं न घालता मागच्या मागे तपासणी करायची सोय आहे. तशी काही व्यवस्था आधी लावा, आणि संशय आला तरच कोडं दाखवा. तेही आकड्यांचं. एसटीच्या पाटीवरचे देवनागरी आकडे शाळा अर्धवट सोडलेली माणसंही वाचतात. उत्तर मराठी आकड्यांत आलं काय किंवा इंग्रजी, दोन्ही चालू द्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मराठी आवाज ठेवा, सावकाश बोलणारा. आणि कोडं चुकलं म्हणून भरलेला अर्ज कोरा होऊ देऊ नका.