एमआरआयमधले रंगीत धागे

प्रश्न : माझ्या दिरांच्या मेंदूत गाठ निघाली आहे. ऑपरेशनआधीच्या एमआरआयमध्ये लाल, हिरवे, निळे धागे दाखवून डॉक्टर म्हणाले, ‘ही मेंदूतली जोडणी.’ गाठीपाशी एक धागा तुटलेला दिसतो. कवटी न उघडता हे कसं कळतं? आणि तो धागा खरंच तुटलाय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रंगांचं आधी उरकते. ते संगणक भरतो. डावी-उजवीकडे जाणारे तंतू लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. प्रत्यक्षात तो भाग पांढरट असतो.

एकेक चेतातंतू जाडीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, आणि आमच्या चित्रातला ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा. तेव्हा सुटा तंतू दिसणं शक्यच नाही. मशीन बघतं ते पाणी. पाण्याचे रेणू सारखे हलत असतात. उसाच्या फडात सरीतून चालणं सोपं आणि आडवं घुसणं अवघड, तसं तंतूंच्या जुडग्यात पाणी लांबीच्या दिशेनं जास्त सरकतं. ही दिशा मोजायचं गणित बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान या शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये अमेरिकेत मांडलं. प्रत्येक ठिपक्यातली दिशा पुढच्याशी जोडत संगणक धागा ओढतो.

म्हणजे धागा हा हिशेबाने काढलेला अंदाज. असे रिपोर्ट मी रोज लिहिते, आणि नातेवाईक मोबाइलवर या चित्राचा फोटो काढून घेतात तेव्हा मला धास्तीच वाटते. गाठीभोवती सूज असली की तिथलं पाणी सगळीकडे पसरतं, दिशा पुसट होते आणि संगणक धागा तिथेच सोडून देतो. तंतू शाबूत असले तरी! दोन जुडगे एकमेकांना छेदतात तिथे तो भलत्याच वाटेलाही लागतो. निरोप कुठून कुठे जातो, हे तर यात कळतच नाही.

एमआरआयचीच दुसरी एक तपासणी मेंदूतल्या रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार बघते. पेशंट नुसता पडून असतानाही दोन्ही हात हलवणारे डावे-उजवे भाग एका तालात चालतात, हे संशोधक भरत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवलं. पण ताल जुळला म्हणजे थेट जोडणी असेलच असं नाही.

म्हणूनच गाठ बोलण्याच्या भागाजवळ असली की सर्जन पुष्कळदा पेशंटला जागं ठेवून, बोलतं करून, विजेच्या हलक्या स्पर्शाने जागा तपासतात. तुमच्या दिरांच्या सर्जनना एवढंच विचारा : गाठीनं तंतू बाजूला सारलेत, की ती त्यांच्यातूनच वाढली आहे?