कोरड्या डोळ्यांसाठी नैसर्गिक अर्कापासून कृत्रिम अश्रू बनवता येतील का?

तुम्ही लिहिलंय : सांगलीत बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मध किंवा कोरफडीपासून कृत्रिम अश्रू बनवायचा प्रोजेक्ट घ्यावा का, आणि जमले तर आईला वापरता येतील का. प्रोजेक्ट जरूर घ्या. आईच्या डोळ्यांत मात्र त्यातला एक थेंबही नको.

मी फार्मास्युटिक्स शिकवतो. मध-कोरफड घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतंच. कोरफडीचा गर लवकर नासतो, सालीलगतचा पिवळा चीक उतरला की डोळे चुरचुरतात. मधातल्या साखरेनं तर डोळा झोंबतो. त्यापेक्षा चिंचोके घ्या. सुताला खळ द्यायला चिंचोक्याची पूड चालते हे विट्याच्या यंत्रमागवाल्यांना ठाऊक असतं, तीच चिकटाई इथं कामाला येते.

अश्रूंत सर्वांत वर पापणीच्या ग्रंथींतलं तेल, मध्ये पाणी आणि बुबुळालगत म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ असतो. पाणी डोळ्यावर टिकतं ते म्युसिनमुळे. चिंचोक्यातलं झायलोग्लुकन हे म्युसिनसारखंच फांद्या फुटलेल्या रेणूंचं, म्हणून ते पृष्ठभागाला धरून राहतं. पापणी मिटताना पातळ होतं, डोळा उघडा राहिला की पुन्हा दाटतं. युरोपात त्याचे थेंब विकले जातात. गवारीच्या बियांपासून केलेला हायड्रॉक्सीप्रोपिल ग्वार तर आपल्या मेडिकलमध्येही मिळतो. म्हणजे 'नैसर्गिक' ही नवलाई नाही, तुमचं कसब शुद्धीकरणात दिसायला हवं.

चिंचोके भाजून तपकिरी टरफल काढा, आतला पांढरा गर दळा. पूड आधी गार पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडा, नाहीतर गुठळ्या होतात. वीसेक मिनिटं उकळून रात्रभर निवळू द्या. वरच्या निवळीत दुप्पट अल्कोहोल ओतलं की पांढरे तंतू काचकांडीला लोंबकळायला लागतात. पहिल्यांदा बघताना मुलं मोबाईल काढतातच! पण त्यात प्रथिनं उरलेली असतात. ती काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

खरी कसोटी निर्जंतुकीकरणाची. द्रावण दाट केलंत तर जंतू अडवणारी ०.२२ मायक्रॉनची गाळणी तुंबते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर ठेवलंत तर आधीची आणि नंतरची दाटी मोजून दाखवावी लागेल. सामू (pH) ७.४ च्या आसपास, खारटपणा अश्रूंइतका हवा. बेंझालकोनियम क्लोराइड घालून जंतू मरतील, पण वारंवार घातल्यास तेच कोरड्या डोळ्याला अपाय करतं. आणि ते न घालता कारखान्यातली स्वच्छता ढिली पडली की काय होतं, ते २०२३ मध्ये अमेरिकेत दिसलं : चेन्नईत बनलेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडलेल्या स्युडोमोनास या जिवाणूच्या संसर्गात काहींची दृष्टी गेली, चौघे दगावले. कॉलेजच्या लॅबमधली बाटली आईला का द्यायची नाही, ते यावरून ध्यानात येईल. थेंबांनी डोळ्याची जळजळ होते का हे बघायला सशांवरच्या चाचणीऐवजी कोंबडीच्या फलित अंड्याच्या पडद्यावरची चाचणी करा. अंडी हॅचरीतून मिळतात.

आईला मिरजेला एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. शर्मर चाचणीत पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ती ५ मिलीमीटरही भिजली नाही तर पाणीच कमी तयार होतंय. पट्टी व्यवस्थित भिजली, तरी अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटत असेल, तर बहुधा तेलग्रंथी तुंबल्यात. अशा वेळी रोज गरम फडक्यानं पापण्या शेकायला सांगतात. ते चुकवून नुसते थेंब घालत राहिलं तर फार फरक पडत नाही, मग ते चिंचोक्याचे असोत की आणखी कशाचे.